ड्यूसबुर्गचा लांडशाफ्ट्सपार्क: बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात दिवसभर कसं फिरायचं

आमच्याकडे भारतातून कोणी आलं की पहिल्या आठवड्यात कोलोनचं चर्च होतं, दुसऱ्या आठवड्यात ऱ्हाइनची बोट होते, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे सोफ्यावर बसून माझ्याकडे बघायला लागतात की आता पुढे काय. त्या तिसऱ्या आठवड्याचं माझं ठरलेलं उत्तर म्हणजे ड्यूसबुर्गचा लांडशाफ्ट्सपार्क. आम्ही जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहतो, तिथून हे जवळ आहे, एन्ट्री फुकट आहे, आणि आतापर्यंत मी सहा वेळा जाऊन आलेय, बहुतेक वेळा पाहुण्यांना घेऊन, त्यामुळे काय चुकतं हे चांगलं माहीत झालंय. पुण्याहून पुढच्या महिन्यात येणाऱ्या मावशीला व्हॉट्सॅपवर समजावत होते, ते एवढं लांबलं की म्हटलं नीट लिहूनच काढू.

आधी दोन मिनिटं हे नक्की काय आहे ते. ड्यूसबुर्गच्या माइडेरिष भागात थिसेन या जर्मन कंपनीचा लोखंडाचा कारखाना होता, १९०१ साली उभा राहायला लागला, पाच झोतभट्ट्या (खनिजातून लोखंड काढायच्या उंच भट्ट्या) होत्या, आणि १९८५ च्या एप्रिलमध्ये बंद झाला. तेव्हा युरोपात पोलाद गरजेपेक्षा जास्त झालं होतं, किती बनवायचं यावर कोटे लागले होते, आणि त्यात हा कारखाना गेला. तोपर्यंत इथून ३ कोटी ७० लाख टन कच्चं लोखंड निघालं होतं. मग पाडायचं की ठेवायचं यावर बरीच वादावादी झाली, आसपासच्या लोकांनी पाडू नका म्हणून जोर लावला, १९९१ मध्ये पाच टीम्सकडून आराखडे मागवले आणि त्यात पेटर लाट्स या लॅंडस्केप आर्किटेक्टचा आराखडा निवडला गेला. त्याचं म्हणणं साधारण असं की भट्टी पाडायची नाही, रंगवून नटवायचीपण नाही, गंजत असेल तर गंजू दे, झाडं उगवत असतील तर उगवू दे, फक्त लोकांना सेफ चालता येईल एवढी वाट करून द्यायची. १९९४ ला पार्क उघडला. १८० हेक्टरचा आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपलं माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानपण लोकांसाठी खुलं झालं, ते कारखान्यावर नाही तर कचऱ्याच्या डेपोवर उभं आहे एवढाच फरक. धारावीला खेटून एवढं जंगल आहे हे मुंबईकरांनाच माहीत नसतं, पण तो विषय वेगळा.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा आम्ही दोघंच गेलो होतो. आत शिरलो, जे सगळ्यात उंच दिसलं तिकडे धावलो, वर चढलो, चाळीस फोटो काढले, खाली उतरून कॉफी प्यायलो आणि दीड तासात ट्रॅममध्ये. घरी येऊन फोटो बघितले तर सगळ्यात पाइप आणि गंज, कुठला पाइप कशाचा ते काही कळेना. नंतर बाबा आले. बाबा कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत ३१ वर्षं होते. त्यांना गेटवर सोडलं तर ते वर बघायलाच तयार नाहीत, पहिला प्रश्न, "माल कुठनं येतोय?" म्हटलं बाबा, हे बंद आहे, माल येत नाही. "आगं येत होता तवा कुठनं येत होता?" आणि मग त्यांनी खनिज जिथे यायचं तिथून सुरुवात करून लोखंड जिथून बाहेर पडायचं तिथपर्यंत मला चालवत नेलं. पाच तास गेले. खाली जो रूट देतेय तो बाबांचा आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा पार्क बघायचा तर मालाच्या वाटेनेच बघायचा, नाहीतर ते नुसतं फोटोचं बॅकग्राउंड होतं.

कधी जायचं

पार्क वर्षभर, चोवीस तास उघडा असतो. पण दिवस निवडताना एक गोष्ट बघा, ती म्हणजे लाइट. जोनाथन पार्क नावाच्या ब्रिटिश आर्टिस्टने १९९६ मध्ये पूर्ण कारखान्याला रंगीत लायटिंग केलंय, हा माणूस पिंक फ्लॉइडसारख्या बॅंडच्या स्टेजसाठी काम करायचा, आणि ते लाइट शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी अंधार पडला की लागतात. आम्ही एकदा बुधवारी गेलो, थंडीत कुडकुडत दोन तास अंधाराची वाट बघितली, अंधार पडला आणि अंधारच राहिला. बघून जायला हवं होतं, आमचीच चूक. निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर त्या दिवसाचं एकदा चेक कराच, कधी कार्यक्रमासाठी काही भाग बंद असतो.

दुसरं, जर्मनीत जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री पावणेदहाच्या पुढे, म्हणजे लहान पोरं घेऊन उन्हाळ्यात लाइट बघायचे तर पोरं झोपलेली असणार. उलट डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पण झाडंझुडपं सगळी मेलेली. माझ्या मते बेस्ट म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, शनिवारी दुपारी साधारण दोनला पोचायचं, सात साडेसातला अंधार, आणि बर्चची पानं पिवळी झालेली असतात. फुलं आणि फुलपाखरं बघायची असतील तर मात्र जुलै ऑगस्ट, मग लाइट सोडा.

कसं पोचायचं

पहिली गोष्ट, नाव. आपण डुईसबर्ग म्हणतो, ते इथे कुणाला कळत नाही, ड्यूसबुर्ग म्हणायचं, शेवटचा ग जवळजवळ क सारखा. ड्युसेलडॉर्फहून आरई ही जलद गाडी नाहीतर एस-१ ही लोकल पकडून ड्यूसबुर्ग मेन स्टेशनला यायचं, मग स्टेशनच्याच खाली जमिनीखालचा प्लॅटफॉर्म आहे तिथून ९०३ नंबरची ट्रॅम, डिन्सलाकेनच्या दिशेची. दिशा नीट बघा, उलट्या दिशेची पकडलीत तर शहराच्या दक्षिण टोकाला जाल. स्टॉपचं नावच लांडशाफ्ट्सपार्क-नोर्ड आहे. उतरून एम्शरष्ट्रासने दहा मिनिटं चालायचं, भट्ट्या दिसायला लागतात त्यामुळे चुकायला जागा नाही. डॉइचलांडटिकेट म्हणजे जर्मनीभर चालणारा लोकल प्रवासाचा महिन्याचा पास असेल तर सगळं त्यात बसतं, फक्त आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चढू नका, ते त्यात येत नाही.

काय घालायचं, काय न्यायचं

चपला सॅंडल नको. भट्टीवरच्या पायऱ्या लोखंडी जाळीच्या आहेत, खालचं सगळं आरपार दिसतं, बारीक टाच असेल तर अडकणार. साडी नेसून चढलेली एक काकू मी बघितलीय, खालून वारा आला की काय होतं ते सांगायला नको, आपल्या आईला पंजाबी ड्रेस किंवा पॅंट घालायला सांगा. वर वारा खूप असतो म्हणून खाली ऊन असलं तरी जॅकेट बरोबर ठेवा. रात्री थांबणार असाल तर छोटा टॉर्च.

खायचं घरून न्या. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात हे पाहुण्यांच्या पचनी पडत नाही. आत हाउप्टशाल्टहाउस म्हणजे कारखान्याचं जुनं मुख्य स्विच हाऊस आहे, तिथे व्हिजिटर सेंटर आणि रेस्टॉरंट आहे, पण शाकाहारी माणसाने त्या भरवशावर राहू नये. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. टॉयलेट आणि पार्कचा नकाशा पण याच बाजूला, तेव्हा आधी ते दोन्ही उरकून घ्या.

बाबांचा रूट

सुरुवात बंकरपासून. मोठमोठ्या जाड काँक्रीटच्या भिंतींचे कप्पे आहेत, ओळीने. लोहखनिज, कोक (भट्टीत भाजून केलेला दगडी कोळसा), चुनखडी रेल्वेच्या वाघिणींतून यायचं आणि या कप्प्यांत ओतलं जायचं. वरून उंचावरून चालायला पूल केलाय, त्यावरून कप्प्यात खाली डोकावता येतं, आणि इथेच पहिला धक्का बसतो, कारण काही कप्प्यांत चक्क बागा आहेत. बंद खोलीत लावलेल्या बागा, वर आभाळ, चारी बाजूला काळपट भिंत, भिंतीत कापून काढलेली दारं. शेजारच्या कप्प्यांत जर्मन आल्पाइन क्लबची क्लायंबिंगची जागा, शनिवारी दोर लावून लोक लटकलेले असतात. तिथेच भिंतीतून आरपार गेलेली एक घसरगुंडी आहे. पोरं बरोबर असतील तर अर्धा तास इथेच गेला असं धरून चाला.

थोडं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, या जमिनीत सगळं काही गोड नाही. कोक भट्ट्यांमुळे माती डांबरी विषारी द्रव्यांनी भरलेली होती. खनिज भाजून गोळे करायचा सिंटर प्लांट तर इतका दूषित होता की तो पाडावाच लागला. अशा मातीचं लाट्सने काय केलं, तर ट्रक भरून दुसऱ्याच्या गावी टाकली नाही, बरीचशी इथेच बंकरमध्ये बंद करून वरून सील केली. म्हणून वाट सोडून आत घुसू नका, आणि वाटेत काळीभोर ब्लॅकबेरी लटकताना दिसली तरी तोंडात टाकू नका. आपल्याला करवंदं दिसल्यासारखं होतं, हात जातोच, पण नको.

बंकरपासून भट्टीकडे बघितलं की तिरका चढत जाणारा रूळ दिसतो. तो मालाचा लिफ्ट. त्यातून कोक, खनिज, चुनखडी थरावर थर भट्टीच्या डोक्यातून आत. बाबा इथे एकदम खूश, "हे आपल्या कपोल्याचं थोरलं भावंड की गं!" ज्यांनी फौंड्री बघितली नाही त्यांच्यासाठी, कपोला म्हणजे पिग (कच्च्या लोखंडाच्या लाद्या) आणि स्क्रॅप वितळवायची उभी भट्टी, त्यातपण वरून कोक आणि माल, खालून हवा. फरक हा की कपोल्यात तयार लोखंड वितळतं, आणि झोतभट्टीत दगडातून लोखंड काढायचं असतं.

आता पाच नंबरच्या भट्टीवर चढायचं. १९७३ ची आहे, इथली सगळ्यात नवी. शेवटचा प्लॅटफॉर्म साधारण ७० मीटरवर, लिफ्ट नाही, तिकीटही नाही. घाई करू नका, मधे मधे मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर थांबायला काहीतरी आहे, भट्टीच्या पोटाभोवती फिरणारा हवेचा जाडजूड पाइप जवळून बघता येतो. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी सरळ पहिल्या मजल्यावर थांबावं, माझी आई तिथे थांबली आणि तिचं काही अडलं नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की चढताना दम लागतो पण गुडघे बोलतात ते उतरताना. बर्फ पडलेला असेल किंवा जोराचा वारा असेल तर चढूच नका.

वर गेल्यावर सगळे आधी खालचा पार्क बघतात. पश्चिमेकडे बघा. धूर आणि वाफ दिसेल, ती थिसेनक्रुपच्या (थिसेनचं आताचं नाव) चालू कारखान्याची, ऱ्हाइनच्या काठावर आजही पोलाद बनतंय. बंद भट्टीच्या डोक्यावर उभं राहून चालू भट्टी बघायची. बाबा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं की इथल्या कामगारांना तिकडे घेतलं का. मला उत्तर माहीत नव्हतं.

खाली उतरून कास्ट हाऊस. भट्टीच्या बुडाला भोक पाडायचं, दीड हजार डिग्रीच्या आसपासचं लोखंड वाळूच्या चरातून वाहत खाली वाघिणीत पडायचं. चर अजून तसेच आहेत. एक नंबरच्या भट्टीच्या कास्ट हाऊसमध्ये आता उन्हाळ्यात ओपन एअर सिनेमा होतो. तिकिटं पटापट जातात आणि पिक्चर बहुतेक जर्मनमध्ये डब केलेले असतात, तेव्हा पाहुण्यांना न्यायच्या आधी विचार करा.

मग पियात्सा मेतालिका. नाव मोठं, दिसायला काय, तर भट्ट्यांच्या मधोमध जमिनीवर मांडलेले ४९ चौकोनी लोखंडी पत्रे. पण पत्रे म्हणायला नको, एकेक ७ ते ८ टनांचा आहे. जिथे वितळलेलं लोखंड ओतून पिगच्या लाद्या पाडायचे, त्या जागेच्या तळाला हे होते. वर हात फिरवून बघा, उष्णतेने आणि लोखंडाच्या वाहण्याने खड्डे पडलेत, आणि आता पावसाने गंजून अजून झिजतायत. बाबा बूट काढून त्यावर अनवाणी उभे राहिले. आम्हाला आधी कळेना काय चाललंय. जर्मन लोक बघत होते, म्हटलं बघू देत.

शेजारी उंच गोल टोपीवाले सिलिंडर, ते कूपर. भट्टीत जाणारी हवा आधी यांच्यात तापायची, आणि त्यांना तापवायला भट्टीतूनच निघालेला गॅस वापरायचे. त्याच गॅसवर हवेचे पंखे फिरवणारी मोठी इंजिनं चालायची, उरलेला गॅस गॅसोमीटरमध्ये. काही वाया जात नव्हतं, आपल्याकडच्या आजीच्या स्वयंपाकघरासारखं. कूपरच्या पुढ्यात ओळीने झाडं लावलेला चौक आहे, डबा उघडायला हीच जागा.

जेवून झालं की गॅसोमीटर. ४५ मीटर व्यासाची टाकी, त्यात आता २ कोटी १० लाख लिटर पाणी भरलंय आणि आत डायव्हिंग चालतं, १३ मीटर खोल, तळाला बुडवलेली बोट वगैरे. डायव्हिंगचं सर्टिफिकेट असलेल्यांनी आधी बुकिंग करून जायचं. बाकीच्यांना बाहेरून बघण्यापलीकडे काही नाही, तिथे फार वेळ घालवू नका. क्राफ्टसेंट्राले म्हणजे जुनं पॉवर हाऊस, १७० मीटर लांबीचा हॉल, पण कार्यक्रम असेल तरच उघडा.

झाडांची बाजू

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात, आणि तिथेच चुकतात. पार्कचा जास्तीचा भाग भट्टीच्या मागे आहे. इथे ७०० पेक्षा जास्त जातीची झाडंझुडपं नोंदवली गेलीयत आणि त्यातली बरीच कोणी लावलेली नाहीत. स्लॅग म्हणजे लोखंड काढल्यावर उरलेली मळी, कोळशाची भुकटी, रुळाखालची खडी, असली जमीन कोरडी असते आणि उन्हात तापते, तिथे नेहमीचं गवत तगत नाही, म्हणून ज्यांना कुठेच जागा मिळत नाही अशी झाडं येऊन बसतात. बर्चचं बी इतकं हलकं की वाऱ्याने कुठेही जातं, तीच पांढऱ्या सालीची झाडं रुळांच्या मधून उभी आहेत. पिवळ्या फुलांचं एक बारीक पानांचं झुडूप दिसेल, ते मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, परदेशातून येणाऱ्या मालाबरोबर युरोपात शिरलं, थंडी सुरू झाली तरी फुलतच असतं. आणि जांभळ्या तुऱ्यांचा बडलिया, मूळचा चीनचा, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या पडक्या शहरांत भराभर पसरला, जुलै ऑगस्टमध्ये त्यावर फुलपाखरांची नुसती झुंबड. व्हिसा घेऊन आलेल्या आपल्यासारख्यांना या झुडपांबद्दल उगाच आपुलकी वाटते.

रुळांचा एक पंखा आहे, ग्लाइसहार्फ म्हणतात, म्हणजे रुळांची वीणा. जिथे गाड्यांचे रूळ एकातून दुसरे फुटत जायचे ती जागा, काही वर काही खाली, मधे झाडी. संध्याकाळच्या उन्हात इथे थांबा. उन्हाळ्यात तापलेल्या खडीवर नीट बघा, रूरमधल्या, म्हणजे या सगळ्या जुन्या खाणी-कारखान्यांच्या पट्ट्यातल्या, अशा जागांवर एक राखाडी नाकतोडा असतो, बसला असताना दगडासारखा, उडाला की पंख निळे. उथळ डबकी दिसली तर त्यात पाय घालू नका, अशा उघड्या डबक्यांत बेडकासारखा एक दुर्मिळ भेक अंडी घालतो.

पार्कमधून सरळ रेषेत एक कालवा जातो, जुनी एम्शर नदी. इथे खाणींमुळे जमीन खचत राहायची, जमिनीखाली गटारं टाकली तर फुटणार, म्हणून शंभरेक वर्षं या नदीतूनच सगळ्या भागाचं सांडपाणी उघड्यावर वाहत होतं. पार्क करताना घाण पाणी पाइपात घालून खाली नेलं आणि वरच्या कालव्यात आता छतांवरून गोळा केलेलं पावसाचं पाणी असतं, पवनचक्की ते उचलून खेळवते. मोठ्या एम्शर नदीचं काम तर १९९२ पासून २०२१ पर्यंत चाललं, तेव्हा कुठे ती सांडपाण्यातून सुटली. पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे ऐकवलं की तो तीस वर्षं हा आकडा दोनदा विचारतो.

पोरं कंटाळली असतील तर पार्कच्या कडेला इंगेनहामहोफ नावाचं शेत आहे, गायी बकऱ्या, तिकडे न्या.

अंधार पडल्यावर

लाइट लागायच्या आधी पंधरा मिनिटं पियात्सा मेतालिकाजवळ या. एकदम काही होत नाही, हळूहळू हिरवं, निळं, लाल चढत जातं. फोटोसाठी मोबाइल कठड्यावर टेकवा, हातात धरून हलतो. पाच नंबरवर रात्रीपण चढता येतं, पण तोपर्यंत पाय गेलेले असतात, ताकद असेल तरच. मशाल हातात घेऊन गाइडबरोबर फिरायची टूर पण असते, आधी बुक करावी लागते. मुक्काम करायचा असेल तर कारखान्याच्या जुन्या ऑफिसच्या इमारतीत यूथ होस्टेल आहे, खिडकीतून लाइट दिसतात.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर तीच ९०३ ट्रॅम उलट्या दिशेने दक्षिणेला घ्या, तिथे जुन्या झिंकच्या कारखान्याच्या टेकाडावर टायगर अँड टर्टल नावाचा रोलर कोस्टरसारखा जिना आहे, त्यावर गाडी नाही, पायी चढायचं, आणि गोल उलटा भाग अर्थातच बंद केलेला.

निघायच्या आधी परतीच्या ट्रॅमची वेळ मोबाइलवर बघून ठेवा, रविवारी रात्री दोन ट्रॅममधलं अंतर वाढतं आणि स्टॉपवर वारा लागतो. आणि बॅग तपासा. आम्ही घरी आल्यावर बाबांच्या जॅकेटच्या खिशातून स्लॅगचा मुठीएवढा काचेसारखा तुकडा निघाला, कोल्हापुरातल्या मित्रांना दाखवायला घेतला होता म्हणे. पुढच्या शनिवारी मी परत जाऊन तो होता तिथे टाकून आले, ती माझी सहावी फेरी.